केबिनमधून : कापलेली सोळा मिनिटं

मागच्या अंकात मी सॅम पेकिन्पा या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' या १९७३ सालच्या वेस्टर्नवर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलीस अधिकारी, झालेला गॅरेट आपल्याच जुन्या सोबत्याच्या, फरारी बिलीच्या मागावर निघतो, वाटेत रेंगाळत राहतो आणि शेवटी त्याला गोळी घालतो, एवढंच. त्या चार ओळींवर पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळी फक्त याच सिनेमाचे प्रश्न घेतोय. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी महिनाभर कळ काढावी.

मुलानं या सिनेमाच्या डिस्कची पेटी आणून दिली. एका प्रतीत सुरुवातीलाच एका म्हाताऱ्याला गोळ्या घालतात. दुसऱ्या प्रतीत तो म्हातारा गायब, थेट कोंबड्यांवर नेमबाजी सुरू. मी एकच सिनेमा दोनदा पाहिला की दोन सिनेमे पाहिले? खरा कोणता?
— निवृत्त मुख्याध्यापक, कराड

दोन सिनेमे पाहिलेत, सर. आणि पेटीत नीट शोधलंत तर तिसराही सापडेल.

मे १९७३ मध्ये अमेरिकेत लागला तो १०६ मिनिटांचा. त्याआधी पेकिन्पाच्या हाताखाली तयार झालेली प्रत १२२ मिनिटांची होती. ती लोकांसमोर यायला १९८८ उजाडलं, तोवर पेकिन्पा जाऊन तीन वर्षं उलटली होती. २००५ मध्ये ११५ मिनिटांची आणखी एक निघाली, २०२४ मध्ये पुन्हा एक. एका बाईच्या पोटची चार पोरं, नाक सगळ्यांचं सारखं, बाकी स्वभाव ज्याचा त्याचा.

आम्हा प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या, केबिनच्या हिशेबात सांगतो. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. १२२ तून १०६ गेले, राहिले सोळा. सोळा नव्वदा १४४० फूट. एवढी फिल्म थिएटरच्या दारातून सोडली तर रस्त्यापल्याडच्या चहाच्या टपरीला वळसा घालून परत येईल आणि वर उरेल.

हे कुणी कापलं? कारखाना हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा, आणि तिथला त्या वेळचा मुख्य माणूस जेम्स ऑब्री. कंपनीचा जीव तेव्हा सिनेमात कमी आणि लास व्हेगसमध्ये उभ्या राहणाऱ्या एमजीएम ग्रँड हॉटेलात जास्त होता. ते त्याच वर्षी डिसेंबरात उघडलं. पैसा तिकडं हवा होता, म्हणून सिनेमा लवकर आणि आखूड हवा होता. पेकिन्पाही काही गरीब गाय नव्हता. दारू, भांडणं, वेळापत्रकाचा खेळखंडोबा, सगळं त्याच्या खात्यावर आहेच. पण श्रेयनामावली बघा. संपादक म्हणून सहा नावं आहेत. एका पातेल्यात सहा जणांनी पळी घातली की आमटीचं जे होतं ते झालं.

आता तुमच्या म्हाताऱ्याकडे येतो, कारण सगळी मेख तिथं आहे. तो म्हातारा म्हणजेच पॅट गॅरेट. पडद्यावर १९०९ साल येतं, न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसजवळचा रस्ता, रंग उडालेलं चित्र. घोडागाडीतून चाललेल्या गॅरेटला त्याच्याच सोबतची माणसं गोळ्या घालतात. आणि प्रत्येक गोळीसरशी चित्र तुटून १८८१ मध्ये जातं. तिथं फोर्ट समनरला बिली आणि त्याचे सोबती मानेपर्यंत पुरलेल्या कोंबड्यांवर नेम धरतायत. इकडं गोळी सुटते, तिकडं म्हातारा हादरतो. अठ्ठावीस वर्षांपल्याडून बिलीच त्याला मारतोय असं वाटतं. इतक्यात मागून तरुण गॅरेट येतो, तोही बंदूक उचलतो आणि एका कोंबडीचं डोकं उडवतो. म्हणजे मारणाऱ्यांत तो स्वतःही आला.

थिएटरात लागलेल्या प्रतीत हे सगळं काढून टाकलं. कोंबड्या राहिल्या, म्हातारा गेला. मग उरला तो एका देखण्या पोराचा पाठलाग. पोरगा हसतो, निसटतो, परत येतो, मरतो. तो बिलीचा सिनेमा झाला. म्हातारा ठेवला की पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, हा मेलेला माणूस मागं वळून आठवतोय. मग गॅरेट झालेल्या जेम्स कोबर्नचा तो थंड चेहरा, प्रत्येक दारूच्या गुत्त्यात नको तेवढं थांबणं, पुढं जायची टाळाटाळ, सगळ्याचा अर्थ लागतो. मला विचाराल तर १२२ मिनिटांची प्रत खरी. ती पुरती झालेली नाही, काही जागी ढिसाळ आहे, तरीसुद्धा.

शेवट तर तुम्ही पाहिलाच आहे. बिलीला गोळी घातल्यावर गॅरेट वळतो आणि समोरच्या आरशातल्या स्वतःवर गोळी झाडतो. मग रात्रभर तिथंच झोपाळ्यावर बसून राहतो. सकाळी घोड्यावरून निघतो तेव्हा एक लहान पोर त्याच्यामागं पळत येऊन दगड मारतं. वेस्टर्नमध्ये लहान पोरं नायकामागं हाका मारत धावतात, ही रीत. इथं दगड.

काका, ते प्रसिद्ध गाणं माझ्या प्रतीत नुसतं वाजतं, शब्दच नाहीत. डिस्क खराब आहे का?
— कॉलेज विद्यार्थिनी, नाशिक

डिस्क चांगली आहे, फेकू नकोस. तू १२२ मिनिटांची प्रत पाहिलीस. तीत त्या प्रसंगाला नुसते सूर आहेत. थिएटरातल्या प्रतीत बॉब डिलन गातो.

गाणं 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर'. डिलननं ते या सिनेमासाठीच लिहिलं, आणि सिनेमात एलियस नावाचं कामही केलं. काम करताना तो अवघडलेला दिसतो, पुढाऱ्याच्या लग्नात चुकून पहिल्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा. एका प्रसंगात गॅरेट त्याला दुकानाच्या फळीवरच्या डब्यांची लेबलं मोठ्यानं वाचत बसायला लावतो, आणि तो वाचत राहतो. मला तो प्रसंग फार आवडतो.

गाण्याचा प्रसंग मात्र बारकाईनं बघ. स्लिम पिकन्सनं केलेला म्हातारा शेरीफ बेकर घराजवळ होडी बांधतोय. या मुलखातून त्या होडीनं निघून जायचं त्याच्या मनात आहे. गॅरेटसोबत जायला तो आधी सोन्याचं नाणं मागतो. मग पोटात गोळी लागते आणि तो नदीकाठी जाऊन बसतो. बायको थोड्या अंतरावर गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघते. जवळ जात नाही. ती नटी कॅटी हुराडो, मेक्सिकोची. 'हाय नून'मध्ये तिला पाहिलं असशील. तिच्या डोळ्यांपुढं शब्द असले काय, नसले काय. पण तुझ्या वयाला शब्द हवेत हेही कबूल. दोन्ही प्रती बघ.

या सिनेमाचं कित्येक दिवसांचं चित्रीकरण आउट ऑफ फोकस झालं होतं असं ऐकलं. एवढ्या मोठ्या कंपनीत असं होऊ शकतं?
— लग्नाचे व्हिडिओ काढणारा, पंढरपूर

होऊ शकतं, आणि झालं. कॅमेऱ्यात लेन्स जिथं बसते ती चकती बिघडली होती. डोळ्याला सगळं ठीक दिसतं, फिल्मवर चित्राचा एक भाग धूसर येतो. तुमच्यासारखं जागेवर स्क्रीनवर बघायची सोय तेव्हा नव्हती. चित्रीकरण मेक्सिकोत दुरांगोला, फिल्म धुवायला लॉस एंजेलिसला. ती धुऊन, परत येऊन, पडद्यावर दिसेपर्यंत इकडं रोज नवा माल तसाच धूसर निघत होता. कंपनीनं पुन्हा चित्रीकरणाला पैसे नाकारले. मंडळींनी चोरून-मारून, जमेल तसं ते पुन्हा घेतलं. धूसर रिळं पाहिल्यावर पेकिन्पानं पडद्यासमोर जाऊन जे केलं असं सांगतात, ते या मासिकात छापलं जाणार नाही.

मला मात्र दुसरंच आठवतं. आम्हा ऑपरेटरांच्या कपाळी ही शिवी कायमची. चित्र जरा हललं की पिटातून आरोळी, "ए फोकस! झोपला का रं वर?" पुष्कळदा दोष प्रिंटचाच असतो. पण काचेच्या भोकातून खाली काय सांगणार? नुसतं लेन्सचं चाक थोडं मागं, थोडं पुढं फिरवायचं. लोकांना वाटतं काहीतरी केलं. गप्प बसतात.

बिली द किड डावखुरा होता ना? फोटोत पिस्तूल डाव्या बाजूला आहे. सिनेमात उजव्या हातानं का दाखवलाय?
— वकील, लातूर

वकीलसाहेब, पुरावा उलटा लागलाय. अक्षरशः.

तो फोटो टिनटाइप आहे. टिन म्हणायचं एवढंच, पत्रा लोखंडाचा. काळ्या पत्र्यावर मसाला लावून थेट त्याच्यावरच चित्र उमटवायचं. मधे निगेटिव्ह नाही, म्हणून आरशात दिसतं तसं उलटं चित्र येतं. फोर्ट समनरला १८७९-८० च्या सुमारास काढलेला. उलटतपासणीला साक्षीदार हवा असेल तर त्याच फोटोतली रायफल घ्या. विंचेस्टर १८७३. तिची काडतुसं भरायची खिडकी उजव्या अंगाला असते. फोटोत ती डावीकडं दिसते. म्हणजे फोटो उलटा, पोरगा उजवा. पण तोवर गोष्ट पसरली होती. १९५८ मध्ये पॉल न्यूमनला घेऊन बिलीवर सिनेमा निघाला, त्याचं नावच 'द लेफ्ट हँडेड गन'.

तो पत्रा २०११ मध्ये लिलावात २३ लाख डॉलरला गेला. ज्या पिस्तुलानं गॅरेटनं त्याला मारलं ते २०२१ मध्ये ६० लाख डॉलरला. मारणाऱ्याच्या वस्तूला मरणाऱ्याच्या दुपटीहून जास्त भाव आला.

'शोले' यावरूनच उचललाय, बरोबर?
— एक पैजेत अडकलेला, सोलापूर

पैज हरलात. हा सिनेमा १९७३ च्या मे महिन्यात तिकडं लागला, 'शोले'चं चित्रीकरण ऑक्टोबरात इकडं सुरू झालं. तोवर कथा-पटकथा हातात होती. गाव वाचवायला भाड्यानं लढवय्ये आणायचे, हे नातं 'मॅग्निफिसंट सेव्हन'शी जुळतं, आणि तिथून मागं जपानी दिग्दर्शक कुरोसावाशी. त्या सातांतला सुरी फेकणारा कोण, आठवतो? हाच जेम्स कोबर्न. पैजेची निम्मी रक्कम तरी वाचवता येते का बघा.

सिनेमात गॅरेट वाईट दिसतो. पण त्यानं कायद्याचं काम केलं ना? मी स्वतः पोलीस खात्यात नोकरी केली, म्हणून विचारतो. खरा गॅरेट कसा होता?
— निवृत्त हवालदार, सांगली

हवालदारसाहेब, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला.

खरा गॅरेट सव्वासहा फुटांपेक्षा उंच. तिथले मेक्सिकन लोक त्याला 'हुआन लार्गो' म्हणत, म्हणजे लांबडा हुआन. फोर्ट समनरला राहायचा, तिथं बिलीची ओळख. दोस्ती किती होती यावर तिकडचे इतिहासकार अजून भांडतात. नोव्हेंबर १८८० मध्ये लिंकन काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. दोन महिन्यांच्या आत बिलीला पकडलं. खटला झाला, फाशी ठरली. २८ एप्रिल १८८१ ला बिली लिंकनच्या कोर्टाच्या इमारतीतून दोन पहारेकऱ्यांना मारून पळाला. गॅरेट त्या दिवशी गावात नव्हता.

मग १४ जुलैची रात्र. फोर्ट समनर, पीट मॅक्सवेल नावाच्या माणसाची अंधारी खोली. मॅक्सवेल अंथरुणात, गॅरेट त्याच्या उशाशी बसून बिलीचा ठावठिकाणा विचारतोय. तेवढ्यात बिलीच आत येतो. हातात सुरी, मांस कापून न्यायला आला होता म्हणतात. अंधारात कुणीतरी बसलेलं दिसतं, म्हणून स्पॅनिशमध्ये विचारतो, "किएन एस?" कोण आहे? गॅरेटनं दोन गोळ्या झाडल्या, एक लागली. बिली एकवीस वर्षांचा होता असं मानतात. सिनेमातला बिली, क्रिस क्रिस्टॉफरसन, छत्तीसचा होता, तो भाग वेगळा.

तुमच्या भाषेत फरारी आरोपी आणि वॉरंट हातात असलेला अधिकारी. कागद स्वच्छ आहे. पण गावानं ते तसं घेतलं नाही. अंधारात बसून मारलं, सावध केलं नाही, ही बोलणी गॅरेटला जन्मभर चिकटली. पाचशे डॉलरच्या बक्षिसासाठीही त्याला खेटे घालावे लागले. आणि २९ फेब्रुवारी १९०८ ला (सिनेमानं साल एकनं पुढं ढकललंय) लास क्रूसेसच्या वाटेवर त्याला गोळी घातली गेली. भांडण कशाचं? त्याच्या जमिनीवर भाडेकरूनं चारायला आणलेल्या बकऱ्यांचं. वेन ब्रेझल नावाच्या त्या भाडेकरूनं गुन्हा कबूल केला, स्वसंरक्षण म्हणाला, सुटला. सिनेमात त्याच्या मारेकऱ्यांत त्याचा जुना मदतनीस जॉन पो दाखवलाय. ते पेकिन्पाचं. खऱ्या पोचा त्या खुनाशी संबंध नव्हता.

तुम्ही विचारलंत, वाईट होता का? मला तो वाईट वाटत नाही. पगार घेतला की मालक सांगेल ते रीळ चढवावं लागतं. एवढंच मला त्याच्याबद्दल कळतं.

अमेरिकेतल्या चोरांची चरित्रं तुम्हाला पाठ. आमच्या मातीतली माणसं दिसत नाहीत का?
— पुरंदर तालुक्यातून, नाव न देता

दिसतात. आणि तुमच्या पत्रावरचा तालुका बघूनच कुणाविषयी म्हणताय ते कळलं. उमाजी नाईक तुमच्या भिवडीचे. त्यांना बिलीच्या ओळीत बसवायचा माझा इरादा नाही. बिलीच्या मागं जनावरं आणि व्यापारी टोळ्यांची भांडणं होती, उमाजींनी कंपनी सरकारला ललकारलं. पण एक गोष्ट सांगतो, ती मला बरीच वर्षं टोचतेय.

गॅरेटनं बिलीला मारल्यावर वर्षभरात, १८८२ मध्ये, बिलीचं 'अस्सल चरित्र' म्हणून पुस्तक छापलं. बरंचसं लिहिलं त्याच्या ॲश अपसन नावाच्या दोस्तानं, पण नाव गॅरेटचं. मारणाऱ्यानं लिहिलेलं मरणाऱ्याचं चरित्र, आणि पुढं कित्येक वर्षं लोक त्यावरच विसंबले.

आता इकडं बघा. उमाजींना पुण्यात फाशी झाली ३ फेब्रुवारी १८३२ ला. १८३३ मध्ये मुंबईत इंग्रजीत एक पुस्तक निघालं, रामोशांवर, उमाजींच्या चरित्रासह. लिहिणारा कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश. त्यांच्या पाठलागावर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकीच. तिथंही वर्षभराचंच अंतर. आणि आणखी एक साम्य. बिलीला गव्हर्नर ल्यू वॉलेसनं साक्षीच्या बदल्यात माफीची आशा दाखवली होती, ती कधी पुरी झाली नाही. बिलीनं तुरुंगातून त्याला पत्रं लिहिली, उपयोग शून्य. उमाजींनाही सरकारनं मधे एकदा माफी देऊन चाकरीत घेतलं होतं, ते टिकलं नाही.

उमाजींची बाजू पोवाड्यांत राहिली, लोकांच्या तोंडी राहिली. कागदावर बराच काळ मॅकिंटॉश. पेकिन्पाच्या सिनेमात म्हाताऱ्या गॅरेटला पुढं आणून मारून घ्यायचं कारण मला तिथं सापडलं. ज्याच्या हातात लेखणी होती त्यालाच त्यानं साक्षीला उभं केलं.

नाव घालून लिहा पुढच्या वेळी. भांडायला बरं पडतं.

ऑपरेटरकाका, दुसऱ्यांच्या कात्रीवर एवढं लिहिता. तुम्ही कधी सिनेमा कापलात का? खरं सांगा.
— तुमच्याच थिएटरचा जुना प्रेक्षक, कोल्हापूर

सांगतो. थिएटरचं नाव मात्र तुम्हीही लिहू नका, मीही नाही.

साल १९७९ असेल. मराठी कौटुंबिक चित्र, पावणेतीन तासांचं. साडेनऊचा खेळ सुटायला साडेबारा वाजायचे आणि तोवर शेवटची एस.टी. गेलेली असायची. खेड्यातली माणसं खेळाला येईनात. शेठ केबिनमध्ये आले, म्हणाले, "शेवटाकडची दहा मिनिटं काढ, रडारडच आहे." मी काढली. नऊशे फूट. दोन टोकं खरवडली, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड दिला. हाताला जोड कळत नव्हता इतका सफाईदार. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. तुकडा बिस्किटाच्या मोठ्या डब्यात गुंडाळून ठेवला.

चार दिवसांनी खेळ सुटल्यावर एक म्हातारी जिना चढून थेट केबिनच्या दारात. पहिल्या दिवशी एकटी येऊन गेली होती, आज बहिणीला घेऊन आली होती, राधानगरीकडनं. म्हणाली, "बाबा, त्यो ल्योक आईला भेटतुया ते कुठं गेलं? मी हिला सांगून आणलंय." मी म्हटलं, प्रिंट तुटली होती. ती म्हणाली, "मग जोड की." बहीण जिन्यात खाली उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा परत जोडला. शेठनी त्या महिन्याच्या पगारातून दहा रुपये कापले. एस.टी. रोज चुकायचीच. लोक पहाटेपर्यंत आमच्याच पायऱ्यांवर घोंगडी टाकून झोपायचे, आणि त्या दोघी मात्र परत आल्या नाहीत.